बक्षीस कोणी दिलं?

२०२४ साली जून-जुलैचे दोन महिने मी मुलीकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला होतो. तिकडे घरात सोयी पुष्कळ, पण दिवसा बोलायला माणूस नाही. मुलगी आणि जावई सकाळीच कामावर जायचे. मागे राहायचो मी आणि माझी आठ वर्षांची नात. तिच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी होती. तिची भाषा म्हणजे इंग्रजी, उर्दू आणि मराठीची खिचडी, आणि त्या खिचडीत मराठी जेमतेम मोहरीएवढी. तरी आमचं छान जमायचं.

एके दिवशी पाहतो तर ही आईचा जुना फोन घेऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसलेली. मी विचारलं, "काय चाललंय?" ती मान वर न करता म्हणाली, "मत देतेय." त्या वर्षी तिथे अध्यक्षपदाची निवडणूक होती, त्यामुळे मी जरा चमकलोच. मग कळलं की ही निवडणूक वेगळी. सर्वांत आवडता नट कोण, गायिका कोण, सिनेमा कोणता, कार्टून कोणतं, यावर मुलं मत देतात आणि ज्याला जास्त मतं त्याला बक्षीस. "पण तू तर कालही मत दिलंस!" मी म्हणालो. "काल दिलं, आज पण देणार," ती शांतपणे म्हणाली. आपल्याकडे बोटाला शाई लावण्याची पद्धत का आहे, ते मला त्या दिवशी नव्याने पटलं.

१३ जुलैच्या शनिवारी आम्ही दोघांनी तो सोहळा दूरदर्शन संचावर पाहिला. त्याचं नाव 'किड्स चॉइस अवॉर्ड्स', म्हणजे मुलांच्या पसंतीचे पुरस्कार. त्या वर्षीचे सूत्रसंचालक कोणी माणूस नव्हतेच. समुद्राच्या तळाशी राहणारा पिवळा चौकोनी स्पंजबॉब आणि त्याचा मित्र पॅट्रिक नावाचा तारामासा, हे दोघे कार्टूनमधले गडी कार्यक्रम चालवत होते. मोठमोठे कलावंत ऐटीत येत होते आणि त्यांच्या डोक्यावर हिरवा, बुळबुळीत रबरबाट ओतला जात होता. समोरची मुलं आनंदाने किंचाळत होती. माझ्या शेजारचीही किंचाळत होती.

मध्यंतरात मला उगाच बढाई मारण्याची बुद्धी झाली. मी फोनमधला फोटो काढून तिला दाखवला. "बघ, तुझ्या नानालाही बक्षीस मिळालंय. मुलांच्या कवितांचं पुस्तक लिहिलं म्हणून." तिने तो लाकडी पाट आणि त्यावरची पितळी पाटी नीट पाहिली आणि विचारलं, "नाना, हे तुम्हाला मुलांनी दिलं?"

"नाही बेटा, मोठ्या लोकांनी दिलं."

"पण पुस्तक तर मुलांचं होतं ना?"

तेवढ्यात जाहिराती संपल्या आणि ती पुन्हा पडद्याकडे वळली. मी मात्र त्या प्रश्नापाशीच अडकलो. आज मला सांगायचं आहे ते त्या प्रश्नाविषयी, आणि त्यासाठी आधी हा सोहळा काय आहे ते सांगायला हवं.

अमेरिकेत निकलोडियन नावाची मुलांची वाहिनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे पाच सेंटांत चित्रपट दाखवणारी छोटी थिएटरं होती, त्यांना निकलोडियन म्हणत. पाच सेंटांच्या नाण्याला 'निकेल' म्हणतात, त्यावरून ते नाव. १९७७ साली ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात केबलच्या एका प्रयोगात मुलांसाठी वेगळी वाहिनी सुरू झाली आणि १९७९ साली तिने निकलोडियन हे नाव घेतलं. १९८७ साली या वाहिनीने 'द बिग बॅलट' म्हणजे 'मोठी मतपत्रिका' या नावाचा कार्यक्रम केला. मुलांना विचारून त्यांचे आवडते कलावंत आणि चित्रपट जाहीर करायचे, एवढीच कल्पना. पुढच्या वर्षी, १९८८ साली, त्याचं 'किड्स चॉइस अवॉर्ड्स' असं नामकरण झालं. सुरुवातीला कागदावर आणि टेलिफोनवर मतं घेत. पुढे इंटरनेट आलं. २०२० साली करोनामुळे मार्चमधला सोहळा पुढे ढकलावा लागला, तेव्हाही मे महिन्यात तो प्रेक्षागृहाविना झाला. कलावंत आपापल्या घरून बोलले.

विजेत्याला जे चिन्ह देतात तेही मजेशीर आहे. नारिंगी रंगाचं छोटं हवाई जहाज, फुग्यासारखं फुगलेलं. पण त्याच्या एका टोकाला डोळा लावला की आत रंगांची नक्षी दिसते. म्हणजे ते शोभादर्शक आहे. लहानपणी आपण काचेच्या तीन पट्ट्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे घालून पुठ्ठ्याच्या नळीत करायचो, तेच. मला हे फार आवडलं. माझ्या कपाटातल्या पितळी पाटीशी धूळ पुसण्यापलीकडे काही करता येत नाही. हिच्याशी निदान खेळता तरी येतं.

आता तो हिरवा रबरबाट. त्याला ते 'स्लाइम' म्हणतात. त्याचा जन्म अमेरिकेतला नाही, कॅनडातला. ओटावा शहरात १९७९ साली 'यू कान्ट डू दॅट ऑन टेलिव्हिजन' नावाचा मुलांचा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. निकलोडियनने तो पुढे अमेरिकेत दाखवला. त्या कार्यक्रमात एक नियम होता: "मला माहीत नाही" हे शब्द जो उच्चारील त्याच्या डोक्यावर वरून हिरवा लगदा पडणार. आणि "पाणी" म्हणेल त्याच्या डोक्यावर पाणी. मी शब्दांचा धंदा करणारा माणूस. उच्चारताक्षणी काहीतरी प्रत्यक्ष घडवणारा शब्द आम्हा कवींना जन्मभर सापडत नाही, आणि त्या विनोदी कार्यक्रमाला तो सहज सापडला होता!

गंमत बाजूला ठेवली तरी ही युक्ती मुलांच्या मनाला का भिडली, ते कळण्यासारखं आहे. "मला माहीत नाही" हे वाक्य वर्गात उच्चारलं की काय होतं, हे प्रत्येक मुलाला ठाऊक असतं. छडी असो, टोमणा असो, बाकावर उभं राहणं असो. कार्यक्रमाने त्या शिक्षेचा विनोद केला. पुढे पुरस्कार सोहळ्यात तर उलटाच चमत्कार झाला. शिक्षा होती ती मान झाली. ज्या नटावर लगदा पडत नाही, त्याची चिंता करावी अशी वेळ आली. ज्या मोठ्या माणसाकडे मुलं एरवी मान वर करून पाहतात, तो एका क्षणात त्यांच्याइतकाच चिखलात माखलेला दिसतो. आपल्याकडे धुळवडीला हेच होतं. त्या दिवशी हेडमास्तरही पोरांच्या तावडीतून सुटत नाहीत.

पण मुलांना विचारलं म्हणून खरोखर वेगळं उत्तर येतं का? १९९८ साली ऑस्करमध्ये 'टायटॅनिक' सर्वोत्कृष्ट ठरला आणि मुलांनीही आवडता चित्रपट म्हणून 'टायटॅनिक'च निवडला. मोठ्यांचं आणि लहानांचं एकमत. २००९ साल घ्या. त्या वर्षी आपल्या मुंबईच्या झोपडपट्टीतल्या मुलांची कथा सांगणाऱ्या 'स्लमडॉग मिलियनेअर'ला आठ ऑस्कर मिळाली. मुलांच्या पुरस्कारांत मात्र 'हायस्कूल म्युझिकल'चा तिसरा भाग जिंकला. शाळेत नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुलामुलींचा सिनेमा. यावरून मुलांना गंभीर काही कळत नाही असं कोणी म्हणेल. पण अमेरिकेत 'स्लमडॉग'ला जे प्रमाणपत्र होतं, त्यानुसार सतरा वर्षांखालच्या मुलांना तो मोठ्या माणसाबरोबरच पाहता येत होता. मुलांवरचा सिनेमा, पण तो पाहण्याचा आणि त्याबद्दल बोलण्याचा हक्क आधी मोठ्यांचा.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की कवी दोन महिने अमेरिकेत राहिला आणि भाळला.

पहिली गोष्ट, मतं मुलांची असली तरी उमेदवारांची यादी वाहिनी जाहीर करते. मुलाने निवडायचं ते त्या यादीतून. दुकानदाराने चार खेळणी पुढे मांडून "तुला हवं ते घे" म्हणावं, तसं हे स्वातंत्र्य. दुसरी गोष्ट, एकाच मुलाने पुन्हा पुन्हा मत देणं. २०१० नंतरच्या काही वर्षांत वाहिनीने वीस कोटींहून अधिक मतं पडल्याचं जाहीर केलं. अमेरिकेत अठरा वर्षांखालची मुलं सगळी मिळून सात कोटींच्या थोडी वर. परदेशातली काही मतं धरली तरी हिशेब सांगतो की इथे डोकी मोजली जात नाहीत, बोटं मोजली जातात. ज्याच्या हातात फोन आहे, मोकळा वेळ आहे आणि चिकाटी आहे, त्याचा आवाज मोठा. तिसरी गोष्ट, आवडत्या कार्टूनचं बक्षीस २००३ सालापासून बहुतेक दरवर्षी स्पंजबॉबला मिळत आलं आहे. स्पंजबॉब याच वाहिनीचा. २००८ साली तो हरला, पण ज्या 'अवतार'कडून हरला तेही घरचंच कार्टून.

आणि चौथी गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. मुलाला काय आवडतं हे ज्याला कळतं, त्याला मुलाला काय विकायचं तेही कळतं. अमेरिकेने १९९० साली कायदा करून मुलांच्या कार्यक्रमांमधल्या जाहिरातींवर मर्यादा घातली: तासाला शनिवार-रविवारी साडेदहा मिनिटं, इतर दिवशी बारा मिनिटं. पण जिथे अख्खा कार्यक्रमच कलावंतांचा, चित्रपटांचा आणि वाहिनीच्या मालिकांचा मेळावा आहे, तिथे जाहिरात कुठे संपली आणि कार्यक्रम कुठे सुरू झाला, हे घड्याळ लावून सांगता येत नाही. २०१३ साली याच पुरस्कारांची भारतीय आवृत्ती मुंबईत सुरू झाली, तेव्हा ती बाजारपेठ पाहूनच झाली असणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण विसरण्यासारखंही नाही.

मुलांना विचारण्याची दुसरी एक पद्धत जगात आहे. इटलीत जिफोनी नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९७१ सालापासून मुलांचा चित्रपट महोत्सव भरतो आणि परीक्षक असतात मुलंच. ती सगळे चित्रपट बसून पाहतात, दिग्दर्शकांना प्रश्न विचारतात, आपापसात वाद घालतात आणि मग निर्णय देतात. आपल्याकडेही १९५५ साली स्थापन झालेल्या बालचित्र समितीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात मुलांचं परीक्षक मंडळ असायचं. बक्षीस असायचं सोन्याचा हत्ती. ही समिती २०२२ साली राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तिथे मुलं थोडी, पण विचार सावकाश. इकडे मुलं कोट्यवधी, पण विचाराला वेळ एका टिचकीचा. मतदार आणि पंच यांच्यात हा फरक असतो.

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ साली बालहक्कांचा करार केला. त्याच्या बाराव्या कलमात म्हटलं आहे की मुलाशी संबंधित बाबींमध्ये आपलं मत मांडण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्याचं वय आणि समज पाहून त्या मताला वजन दिलं गेलं पाहिजे. भारताने हा करार १९९२ साली स्वीकारला. अमेरिकेने १९९५ साली सही केली, पण त्याला कायदेशीर मान्यता अजून दिलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांमध्ये असा तो एकच देश उरला आहे. मुलांना कार्टूनबद्दल विचारणाऱ्या देशाची ही गोष्ट. आणि करार स्वीकारणारे आपण? आपण मुलांना कार्टूनबद्दल तरी विचारतो का?

परत आल्यावर मी ठरवलं की एकदा विचारून पाहायचं. माझ्या दुसऱ्या बालकवितासंग्रहाची जुळवाजुळव चालली होती. मिरजेजवळच्या एका गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर गेलो. चौतीस मुलं. त्यांना चार कविता वाचून दाखवल्या. पहिली झाडावरची, पहिल्या संग्रहातली. परीक्षकांनी तिचं विशेष कौतुक केलं होतं, कारण शेवटी झाड मुलाला चार शहाण्या गोष्टी सांगतं. दुसरी गणिताची वही खाणाऱ्या बकरीची. तिसरी पावसाची. चौथी एका कोंबड्याची. मुलाने पाळलेला कोंबडा पाहुणे आले म्हणून कापतात, एवढीच तिची गोष्ट. ही शेवटची संग्रहात घ्यायची नाही, असं मी जवळजवळ ठरवलं होतं. मुलांना दुःख कशाला द्या, असा माझा विचार.

मी म्हटलं, "जी आवडली तिला हात वर करा." झाडाला एकवीस हात, बकरीला अकरा, पावसाला दोन. कोंबड्याला एकही नाही. मी मनात खूश. परीक्षकांची निवड मुलांनाही मान्य. पण हात वर करताना मुलं आधी गुरुजींकडे पाहत होती, मग वर्गाच्या सेक्रेटरीकडे, आणि मग हात वर जात होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नव्हतं. गुरुजी भला माणूस. झाडाच्या कवितेला ते नकळत मान डोलावत होते, एवढंच. मी त्यांना म्हणालो, "गुरुजी, आपण दोघं जरा बाहेर चहा घेऊ." वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. नाव लिहायचं नाही, एका मुलाची एकच चिठ्ठी, वाटलं तर का आवडली ते लिहायचं, आणि चिठ्ठी खडूच्या खोक्यात टाकायची.

व्हरांड्यात चहा पिऊन झाल्यावर आम्ही दोघांनी खोकं उघडलं. बकरीला सतरा. कोंबड्याला नऊ. पावसाला पाच. झाडाला तीन.

गुरुजी माझ्याकडे पाहून हसले, मीही हसलो. पण खरं सांगतो, घशात जरा अडकलं. बकरीच्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं, "हिच्यात शेवटी कोणी शहाणं होत नाही." परीक्षकांच्या अहवालाचं पानभर मी वाचलं आहे, पण माझ्या कवितेवरची इतकी नेमकी टीका कोणी केली नव्हती. आणि कोंबड्याच्या एका चिठ्ठीवर पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरांत: "आमच्या पण घरी असंच झालं. मी जेवलो नाही."

हा मुलगा कोण, ते मी विचारलं नाही. चिठ्ठीवर नाव नव्हतं म्हणूनच तो ते लिहू शकला होता. पंधरा मिनिटांपूर्वी याच मुलाने कदाचित झाडासाठी हात वर केला असेल. मुलांना विचारलं म्हणजे झालं, असं मला वाटत होतं. पण कसं विचारलं, कोण समोर उभं होतं, किती वेळ दिला, पुढे काय ठेवलं आणि उत्तराचं काय करणार, यावर सगळं असतं. न्यू जर्सीत पाहिलेल्या त्या हिरव्या गोंधळात मुलांना विचारलं जातं, ही गोष्ट मोठी आहे. तिला कमी लेखू नये. पण तिथे कोंबड्याच्या कवितेला जागा नाही, कारण ती कोणी यादीतच घालणार नाही.

आपल्या गावात बालनाट्याच्या स्पर्धा होतात, गोष्टी सांगण्याच्या होतात, वाचनालयं मुलांसाठी पुस्तकं घेतात. तिथे एक खडूचं खोकं ठेवायला फार खर्च येत नाही. परीक्षक असू द्यात, मीही परीक्षक म्हणून जातो, मानधनही घेतो. पण त्यांच्या निकालाशेजारी खोक्याचा निकालही वाचून दाखवावा. दोन्ही जुळले तर आनंद. नाही जुळले तर बोलायला विषय मिळाला.

नव्या संग्रहात कोंबड्याची कविता घेतली आहे. झाडाच्या कवितेचं शेवटचं कडवंही काढून पाहिलं. झाड गप्प राहिल्यावर बरं वाटतं. नातीला फोनवर हा सगळा निकाल सांगितला. तिने आकडे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारलं, "नाना, मग तुमच्या डोक्यावर हिरवं कधी ओतणार?"

म्हटलं, "ओतलं बेटा. पाचवीच्या वर्गाने ओतलं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)